अंगठ्याचा ठेका

पियानोसाठी लिहिलेली रॅगटाइमची एखादी जुनी रचना सहा तारांच्या गिटारवर उतरवून घेणे आणि ती कोणाच्याही साथीवाचून, एकट्याने, बोटांनी छेडून वाजवणे, हा उद्योग मी आयुष्याचा मोठा भाग करीत आलो आहे; आणि ज्या सेंट लुईस शहरात माझे वास्तव्य आहे त्याच शहरात, डेलमार बुलेव्हार्डवरील विटांच्या एका दुमजली घरात, १९०१ ते १९०३ या काळात या संगीताचा सर्वश्रेष्ठ रचनाकार स्कॉट जॉप्लिन राहत होता, ही गोष्ट माझ्या मनात नित्य जागी असते. गिटार शिकवणे, जुन्या छापील स्वरपत्रिकांवरून गिटारसाठी नव्या मांडण्या तयार करणे, आणि ग्रंथालयांत, लहानशा सभागृहांत, क्वचित उपाहारगृहांत त्या वाजवून दाखवणे, असे माझ्या व्यवसायाचे स्वरूप आहे. पियानोवर दोन हातांची दहा बोटे जे काम वाटून घेतात ते गिटारवर उजव्या हाताचा अंगठा आणि दोन-तीन बोटे यांनी पार पाडावयाचे असते. आणि या वाटणीत अंगठ्याच्या वाट्याला जे येते त्याविषयीच मला प्रामुख्याने लिहावयाचे आहे, कारण ऐकणाऱ्याचे कान बोटांमधून उमटणाऱ्या सुरावटीकडे लागलेले असले तरी रचना उभी राहते किंवा कोसळते ती अंगठ्यामुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिसुरीतील रेल्वेच्या गावांत आणि मिसिसिपीच्या काठावरील शहरांत, गुलामगिरीचे जोखड उतरून जेमतेम एक पिढी उलटली होती अशा कृष्णवर्णीय समाजातील पियानोवादकांनी हे संगीत घडवले. लष्करी बँडच्या कूचगीतांतील सरळ, सम चाल त्यांनी डाव्या हाताकडे सोपवली: प्रत्येक मात्रेच्या पूर्वार्धात खर्जाचा एक स्वर आणि उत्तरार्धात मधल्या सप्तकातील स्वरसंघात, पुन्हा खर्ज, पुन्हा संघात, असा तो अखंड ठेका. उजव्या हाताला मात्र त्यांनी मोकळीक दिली, आणि त्या मोकळिकीत बँजोच्या जुन्या वादनाचे आणि आफ्रिकेतून आलेल्या लयीच्या वारशाचे सारे संस्कार ओतले; सुरावटीतील आघात मात्रेवर पडण्याऐवजी तिच्या अलीकडे किंवा पलीकडे पडू लागले, आठ सूक्ष्म कालांशांचे माप तीन, तीन आणि दोन असे विभागले जाऊ लागले. १८९७ साली विल्यम क्रेल या बँडप्रमुखाची 'मिसिसिपी रॅग' छापली गेली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सेंट लुईसच्या टॉम टर्पिनची 'हार्लेम रॅग' प्रसिद्ध झाली. सोळा-सोळा मापांचे बहुधा चार भाग, प्रत्येकाची पुनरावृत्ती, आणि तिसऱ्या भागात मूळ षड्जावरून त्याच्या मध्यमाकडे होणारे स्थलांतर, ही चौकट लवकरच रूढ झाली.

आपल्याकडील तालशास्त्रात सम, अतीत आणि अनागत असे ग्रहांचे भेद सांगितले आहेत, आणि समेच्या किंचित आधी अथवा किंचित नंतर येऊन रसिकाला क्षणभर अधांतरी ठेवण्यातली खुमारी मराठी श्रोत्याला कोणी समजावून द्यावी लागत नाही. रॅगटाइमचा आनंद त्याच जातीचा आहे. भेद असलाच तर तो हा, की आपल्या मैफलीत ठेका धरणारा तबलजी आणि त्या ठेक्याशी लडिवाळपणे खेळणारा गायक या दोन व्यक्ती असतात, आणि येथे त्या दोन्ही भूमिका एकाच माणसाने, गिटारच्या बाबतीत तर एकाच पंजाने, निभावावयाच्या असतात. अंगठा तबलजी होतो. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका मिळून गायक होतात. या दोघांची शरीरे मात्र एकाच मनगटाला जोडलेली असल्यामुळे गायकाने आघात चुकवताच तबलजीलाही तसाच आघात चुकवण्याचा मोह होतो, आणि तो मोह जिंकणे हेच या विद्येचे प्रारंभीचे, मधले आणि अखेरचेही शिक्षण होय.

माझे स्वरलेखनाचे शिक्षण मुंबईत धोबीतलावच्या परिसरात एका गोमंतकीय वादकाकडे झाले, आणि त्याच शिदोरीवर मी पुढे या संगीतापर्यंत पोहोचू शकलो. गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून लहान मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचण्याचे जे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या दिले जाई, त्यातूनच मुंबईच्या नृत्यशाळांना, हॉटेलांना आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांना वादकांचा पुरवठा झाला, हे सर्वश्रुत आहे. सर त्याच परंपरेतले होते. वाद्याला हात लावण्यापूर्वी कागदावरील माप हाताने टाळी देऊन आणि तोंडाने स्वर म्हणून पुरते करून दाखवावे लागे, आणि टाळी जरा ढळली की सर शांतपणे म्हणत, "हात पयलो, मागीर तोंड," आणि पुन्हा आरंभापासून म्हणावयास लावीत. त्यांच्या आधीच्या पिढीतील वादकांनी १९३० नंतरच्या दशकात ताजमहाल हॉटेलात येऊन गेलेले कृष्णवर्णीय अमेरिकन वादक ऐकले होते, आणि त्या आठवणी सरांकडे मौखिक वारशाने आल्या होत्या. त्यांपैकी कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ हा जेम्स रीझ युरोप यांच्या न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध वाद्यवृंदात, म्हणजे रॅगटाइमचा काळ पुरता सरण्यापूर्वीच, वाजवलेला माणूस होता आणि १९३६ मध्ये त्याने मुंबईत ध्वनिमुद्रणही केले. पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हा पुढे कलकत्त्यास गेला व तेथेच १९४५ साली वारला. रॅगटाइम हा शब्द मी प्रथम ऐकला तो सरांच्या तोंडून, या वादकांची कैफियत सांगताना.

मिसुरी राज्याच्या मध्यभागी सिडेलिया नावाचे रेल्वेचे गाव आहे. टेक्सास आणि आर्कान्सा यांच्या सीमेवर वाढलेला, युलियस वाइस या जर्मन गुरूकडून लहानपणी युरोपीय संगीताचे संस्कार घेतलेला जॉप्लिन फिरत फिरत येथे आला, जॉर्ज आर. स्मिथ कॉलेजात त्याने संगीताचे अध्ययन केले, आणि गावातील मेपल लीफ क्लब या कृष्णवर्णीयांच्या मंडळात तो पियानो वाजवू लागला. तेथील वाद्यविक्रेता जॉन स्टार्क याने त्याची 'मेपल लीफ रॅग' स्वीकारली आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी उभयतांत जो करारनामा झाला त्यात प्रत्येक विकल्या गेलेल्या प्रतीमागे एक सेंट रचनाकारास द्यावा असे नमूद केलेले होते. रचनेचे सर्व हक्क थोड्याशा रकमेत एकदाच विकत घेऊन टाकण्याची वहिवाट असलेल्या त्या काळात, एका कृष्णवर्णीय वादकाच्या नावाने असे कलम लिहिले जाणे ही क्षुल्लक बाब नव्हती. त्या एका सेंटमध्ये मला एका मागणीची मान्यता दिसते: हे संगीत कोणी लिहिले आहे, ते लिहिल्याबरहुकूम वाजवले जावे, आणि लिहिणाऱ्याचे त्यावर काही देणे लागते, ही ती मागणी होय. जॉप्लिनच्या स्वतःच्या वादनाचे ध्वनिमुद्रण अस्तित्वात नाही. १९१६ मध्ये त्याने तयार करून दिलेल्या स्वयंचलित पियानोच्या काही कागदी गुंडाळ्या आहेत, पण त्या वेळी व्याधीने त्याचे हात थकले होते आणि अशा गुंडाळ्यांवर कारखान्यात संस्कारही होत असत. तेव्हा आपल्या हाती खात्रीचा दस्तऐवज म्हणजे छापील स्वरपत्रिका, आणि मांडणी करणाऱ्याने प्रथम व अखेर तिच्यापुढेच उत्तरदायी राहावयाचे असते.

आता मांडणीविषयी. मोठ्या वाड्यातून चाळीतल्या दोन खोल्यांत बिऱ्हाड हलवताना जशी कोणती वस्तू घ्यावयाची आणि कोणती मागे ठेवावयाची याची निवड करावी लागते, तसे अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांवरची रचना सहा तारांवर आणताना करावे लागते. सुरावटीतील एकाही स्वराला हात लावावयाचा नाही, खर्जाची चाल म्हणजे कोणत्या स्वरावरून कोणत्या स्वराकडे ती जाते हे शक्यतो राखावयाचे, आणि मधल्या स्वरसंघातातील स्वरांपैकी जे ऐकणाऱ्याच्या कानात आपोआप भरून येतात ते सोडून द्यावयाचे, असा अग्रक्रम मी बहुतेक वेळा पाळतो. पण निवडीच्या आधीही एक निर्णय असतो, तो षड्जाचा. 'मेपल लीफ रॅग' ही ए-फ्लॅट या पट्टीत लिहिलेली आहे, आणि तिचा तिसरा भाग डी-फ्लॅटमध्ये आहे. पियानोवादकाला या पट्ट्या हाताला सुखकर वाटतात, पण गिटारच्या मोकळ्या तारांपैकी एकही तार त्यांच्या मुख्य स्वरांच्या उपयोगी पडत नाही. तीच रचना अर्ध्या स्वराने वर, म्हणजे ए या पट्टीत, नेली की चित्र पालटते: खालच्या तीन मोकळ्या तारा ई, ए आणि डी या नेमक्या त्या पट्टीच्या पंचम, षड्ज आणि मध्यमाच्या होतात, अंगठ्याला खर्जासाठी डाव्या हाताच्या मदतीची फारशी गरज उरत नाही, आणि डाव्या हाताची चारही बोटे सुरावटीसाठी मोकळी होतात, शिवाय तिसरा भाग डीमध्ये येतो, जेथे सहावी तार एका स्वराने उतरवून ठेवली असेल तर खाली भरदार षड्ज मिळतो. मूळच्या उंचीचा आग्रह असलेल्याने सर्वच तारा अर्ध्या स्वराने उतरवून घ्याव्यात. मी घरी तसेच करतो, आणि तारा सैल झाल्याने आवाजाला येणारा थोडासा काळोखी रंग मला या रचनेला शोभून दिसतो.

त्या रचनेच्या पहिल्या भागात, मध्याच्या सुमारास, एक स्थळ असे येते की जेथे डाव्या हाताचा नित्याचा ठेका काही मात्रांपुरता खंडित होतो आणि मंद्रातून निघालेली एक विखुरलेली स्वरमाला दोन्ही हातांतून पायरीपायरीने वर चढत जाते. नवशिक्या गिटारवादकाला, ठेका सुटू नये असे सतत बजावले गेल्यामुळे, तेथेही अंगठा चालू ठेवावासा वाटतो. पण जॉप्लिनने तो तेथे जाणूनबुजून थांबवला आहे. जमीन क्षणभर पायाखालून काढून घेतल्याशिवाय पुढच्या मापांत ती परत मिळाल्याचा आनंद होणार नाही, हे त्याला ठाऊक होते. दांडीवर डाव्या हाताचा हा प्रवास लांबचा असतो आणि वरच्या पडद्यांवर पोहोचेपर्यंत खालचे स्वर विझू लागतात, तेव्हा प्रत्येक बोट शक्य तितका वेळ जागेवर रोवून ठेवण्याची तजवीज करावी लागते. या एका चढणीवर मी जितका विचार केला आहे तितका काही संपूर्ण रचनांवरही केलेला नाही.

अंगठ्याच्या शिक्षणाची रीत साधी आणि दीर्घ आहे. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याला मी प्रथम कित्येक आठवडे सुरावट देतच नाही. केवळ अंगठा, केवळ खर्ज आणि त्याच्यावरची तार, एकाआड एक. हाताच्या तळव्याची कड घोडीवर हलकेच टेकवून खर्जाच्या तारा किंचित दाबून धरल्या की त्यांचा नाद आखूड होतो आणि वरच्या तारांची सुरावट मोकळी झळकते. हा दाब किती असावा हे सांगता येत नाही, ऐकवावे लागते. अंगठ्यात काही वादक नखी घालतात, काही उघड्या मांसाने वाजवतात. पोलादी तारांवर मी नखी पसंत करतो, कारण तिच्यामुळे ठेक्याला स्वतःचा असा वेगळा वर्ण येतो आणि ऐकणाऱ्याला दोन वाद्ये वाजत असल्याचा भास होतो. डाव्या हाताच्या अंगठ्याचीही एक वहिवाट या परंपरेत आहे: दांडीच्या मागून तो वर काढून सहाव्या तारेवर आणावयाचा आणि एफसारख्या संघाताचा खर्ज त्यानेच दाबावयाचा. शास्त्रीय गिटारच्या शाळेत याला सक्त मनाई असते, आणि तेथील दांडी रुंद असल्यामुळे ती मनाई योग्यही आहे; पण मिसिसिपी जॉन हर्ट, रेव्हरंड गॅरी डेव्हिस, मर्ल ट्रॅव्हिस या थोरांनी अरुंद दांड्यांच्या गिटारवर हाच अंगठा मुक्तपणे वापरला, आणि 'द एंटरटेनर' सी या तिच्या मूळ पट्टीत वाजवताना, जेथे तिसरा भाग एफमध्ये जातो, तेथे मला त्यांच्या पद्धतीवाचून गत्यंतर दिसत नाही.

गतीविषयी मला सर्वांत आग्रहाने बोलावयाचे आहे. आपल्या रचना जलद वाजवू नयेत, रॅगटाइम जलद वाजवणे कधीही उचित नाही, अशी सूचना जॉप्लिनने आपल्या स्वरपत्रिकांच्या माथ्यावर छापून घेण्यास आरंभ केला, आणि १९०८ साली 'स्कूल ऑफ रॅगटाइम' ही सहा पाठांची लहानशी पुस्तिका काढून तिच्यातही लयीच्या काटेकोरपणाचाच पुरस्कार केला. ही नुसती वादनविषयक टीप नव्हे. कृष्णवर्णीयांची हीन थट्टा करणारी चित्रे आणि गाणी ज्या बाजारात रोज खपत होती, त्याच बाजारात त्याची स्वरपत्रिका विकली जात होती. मद्यगृहांत, जुगाराच्या अड्ड्यांत, स्पर्धांमध्ये वादक हीच रचना हातचलाखीचा खेळ म्हणून भरधाव वाजवीत आणि लोक टाळ्या पिटीत. सावकाश वाजवा असे सांगण्यात, ही रचना बसून, लक्ष देऊन ऐकण्याच्या योग्यतेची आहे, तिच्या मधल्या स्वरांतही काही म्हटलेले आहे, असा हक्क तो सांगत होता. त्याच हक्काच्या मागे लागून त्याने 'ट्रीमोनिशा' हे संगीतनाटक लिहिले, १९११ साली स्वखर्चाने त्याची स्वरसंहिता छापली, आणि ते रंगभूमीवर यथासांग उभे राहिलेले न पाहताच १ एप्रिल १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो मरण पावला. १९७६ मध्ये पुलित्झर समितीने त्याला मरणोत्तर विशेष सन्मान दिला.

गिटारवर ही सूचना पाळणे भागच पडते, आणि मला या वाद्याचे सर्वांत मोठे ऋण वाटते ते हे. पियानोवर वेग स्वस्त असतो. पट्टी दाबली की स्वर उमटतो. गिटारवर प्रत्येक स्वर डाव्या हाताने आधी सिद्ध करावा लागतो आणि उजव्या हाताने मग उच्चारावा लागतो, आणि चार स्वर एकाच वेळी धरून पाचव्याकडे जाताना एक बोट उचलणे म्हणजे एका स्वराचा अंत करणे असते. वाद्याच्या या दारिद्र्यामुळे वादकाचा वेग आपोआप आवरला जातो, आणि तो आवरला गेला की 'वीपिंग विलो' किंवा 'सोलेस' यांसारख्या रचनांतील जी हळवी, जवळजवळ प्रार्थनेसारखी वळणे घाईत पुसली जातात ती स्पष्ट दिसू लागतात. लयमापकाचा काटा मिनिटाला शहात्तरच्या आसपास ठेवून मी 'द एंटरटेनर' वाजवतो. १९७३ च्या 'द स्टिंग' या चित्रपटामुळे ती रचना ज्यांच्या कानांत बसली आहे त्यांनाही ती इतकी संथ ऐकताना प्रथम नवल वाटते, आणि दुसऱ्या भागापर्यंत ते नवल ओसरते, असा माझा अनुभव आहे.

याच्या उलट दिशेने वाहणारा एक प्रवाह आहे, आणि त्याच्यावर माझे तितकेच प्रेम आहे. गिटारचा स्वतःचा रॅगटाइम कागदावरून आलाच नाही; तो दक्षिण आणि आग्नेय राज्यांतील रस्त्यांवरून, नाचाच्या रात्रींतून, चर्चच्या ओट्यांवरून आला. ब्लाइंड ब्लेक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आर्थर ब्लेकने १९२६ ते १९३२ या काळात पॅरामाउंट कंपनीसाठी जी ध्वनिमुद्रणे केली त्यांत अंगठ्याची अशी काही अडखळती, मात्रेच्या किंचित आधी झेपावणारी चाल आहे की ती लिहून काढणे मला आजवर अशक्यप्राय वाटत आले आहे. आणि ती संथ मुळीच नाही. साउथ कॅरोलिनात १८९६ साली जन्मलेला दृष्टिहीन गॅरी डेव्हिस केवळ अंगठा आणि तर्जनी या दोहोंनी वाजवी, पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये रस्त्यावर धर्मोपदेश करी, आणि घरी येणाऱ्या तरुणांना शिकवी. त्याच्या संग्रहातील 'मेक बिलीव्ह स्टंट' हा तुकडा ऐकताना 'मेपल लीफ रॅग'ची ओळखीची वळणे कानाने परंपरेत कशी मुरत गेली हे उमगते. एलिझाबेथ कॉटन ही डावखुरी बाई उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरी, त्यामुळे तिच्याकडे खर्ज बोटांनी आणि सुरावट अंगठ्याने वाजे. या माणसांना स्वरपत्रिकेची सनद लागली नाही.

दोन्ही प्रवाह जुळले ते १९६० नंतर. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधील डेव्ह व्हॅन रॉंक, जो गॅरी डेव्हिसच्या सहवासात वाढला होता, त्याने १९०४ सालची 'सेंट लुईस टिकल' ही पियानोची रचना बोटांच्या गिटारवर बसवली, आणि अंगठ्याच्या लोकपरंपरेने छापील रॅग पेलता येतो हे तरुणांना दाखवून दिले. त्याच्या मागोमाग डेव्हिड लेबमन आणि एरिक शोएनबर्ग यांनी १९७१ साली फोकवेज कंपनीच्या 'द न्यू रॅगटाइम गिटार' या ध्वनिमुद्रिकेत जॉप्लिनच्या काळातील रचनांच्या मांडण्या सादर केल्या. लेबमन हे पेशाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या मांडण्यांत जमाखर्चाच्या वहीसारखा एकही स्वर बेहिशेबी नसतो असे मला नेहमी वाटत आले आहे. त्यांनी जे शक्य करून ठेवले त्याच्याच आधाराने माझ्यासारख्यांचा व्यवसाय चालतो.

उत्तर सेंट लुईसमधील एका ग्रंथालयात मी 'द कॅस्केड्स' वाजवीत असता समोर बसलेल्या एका वृद्ध कृष्णवर्णीय बाईंचा डावा हात मेजावर सारखा चालत असलेला मला दिसला. ही रचना १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनातील कृत्रिम धबधब्यांवरून स्फुरलेली. तिच्या तिसऱ्या भागात डावा हात मंद्र सप्तकात जोड-स्वरांनी जोराने धावतो. गिटारची सहावी तार ई या स्वराशी संपते, त्याखालच्या स्वरांना तेथे घर नाही, आणि मांडणी करणारे बहुधा असे स्वर एक सप्तक वर उचलून घेतात. मीही तसेच घेत असे. कार्यक्रमानंतर त्या बाई भेटावयास आल्या, आपण अनेक वर्षे चर्चमध्ये पियानो वाजवला असल्याचे त्यांनी सांगितले, आणि त्या भागाची दोन मापे तोंडाने म्हणून दाखवून विचारले की तळाचा स्वर जर नाहीच तर त्याच्या जागी दुसरा का बसवता, ती जागा रिकामी का ठेवीत नाही? मी त्यांना त्या दोन्ही प्रकारे वाजवून दाखवले. धावत्या स्वरांची रांग जेथे तळाशी पोहोचावयाची तेथे अंगठा न मारता नुसती तार तळव्याने मुकी केली, तर कान तो स्वर स्वतः पुरवतो, आणि वर उचललेल्या स्वराने जो उतार मध्येच अडल्यासारखा वाटतो तो अडत नाही. तेव्हापासून त्या स्थळी मी स्वर वगळतो. विद्यार्थ्यांना देतो त्या प्रतीतही तेथे विरामाचे चिन्ह घातले आहे. अंगठ्याने केव्हा वाजवू नये हे मला शिकवणाऱ्यांत त्या बाईंचे नाव मी सरांच्या जोडीने घेईन.

सध्या माझ्या मेजावर 'हेलिओट्रोप बुके' आहे. सेंट लुईसमध्येच जन्मलेला लुई शोव्हॅं हा समकालीनांच्या मते त्या पिढीतला सर्वांत विलक्षण पियानोवादक होता, पण लेखन त्याच्या वृत्तीत नव्हते, आणि १९०८ साली ऐन विशीत तो वारला तेव्हा त्याच्या नावावर छापील अशा अवघ्या तीन रचना होत्या. त्यांपैकी ही एक १९०७ साली प्रसिद्ध झाली: पहिले दोन भाग शोव्हॅंचे, जॉप्लिनने ते लिहून काढले, आणि पुढचे दोन स्वतः रचून जोडले. जॉप्लिनने ही तसदी घेतली नसती तर शोव्हॅंच्या पियानोचा बहुतेक मागमूसही उरला नसता, आणि कागदावरचा रॅग व हातावरचा रॅग यांच्यात मी ज्या तटस्थतेने भेद करीत आलो ती ही रचना हाती घेतल्यावर मला टिकवता येत नाही. पहिल्या भागात खर्ज सरळ चालतच नाही. हबानेरा या क्यूबन नृत्याच्या अंगाने तो रेंगाळतो, मध्येच उडी घेतो, आणि एकाआड एक मारण्याची सवय जडलेल्या अंगठ्याला येथे सर्व काही नव्याने शिकावे लागते. पट्टी जी असल्यामुळे सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर एक बोट जवळजवळ कायमचे बांधले जाते आणि वरच्या सुरावटीला तीनच बोटे उरतात. त्यावर उपाय म्हणून सहावी तार डीपर्यंत उतरवून पाहिली, तर पंचम मोकळा मिळतो पण षड्ज पाचव्या पडद्यावर जातो आणि डाव्या हाताचा ताण वाढतो. तिसऱ्या भागात, जेथे रचना सीकडे वळते आणि जॉप्लिनचा स्वतःचा हात सुरू होतो, तेथे साध्या जुळणीतच सोय आहे हे निश्चित झाले आहे. पहिल्या दोन भागांसाठी मी दोन स्वतंत्र मसुदे तयार केले असून, पुढील आठवड्यात माझ्याकडील दोघा जाणत्या विद्यार्थ्यांना ते वाजवावयास देणार आहे. ज्या मसुद्यात हबानेराची ती रेंगाळ हाताच्या ओढाताणीवाचून साधेल तो ठेवावयाचा, मग त्यासाठी मधला एखादा स्वर गाळावा लागला तरी चालेल.